पत्र्याची जीप, कापडाचा रणगाडा

नव्या गाडीची नुसती चॅसी महामार्गावरून जाताना आपण सर्वांनीच पाहिली आहे. दोन लांब लोखंडी तुळया, इंजिन, चाके आणि उघड्यावर नाकातोंडाला फडके गुंडाळून बसलेला चालक. वाहन म्हणून तिच्यात काही उणे नसते. ती चालते, वळते, थांबते. तिला फक्त नाव नसते. दापोडीच्या कार्यशाळेत तिच्यावर बॉडी चढली की ती एसटी होते. दुसरीकडे कोठे फळ्या आणि पत्रे ठोकले गेले की मालट्रक. मराठीत बॉडी 'बांधतात'. घर बांधावे, पूल बांधावा, तशी. गाडीची ओळख तिच्या यंत्रापेक्षा वरून चढवलेल्या आवरणावर ठरते, ही जाण त्या क्रियापदातच आहे. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या नात्यावर वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना ती अगदीच परकी वाटू नये.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र खूपच लहान आकाराच्या बॉडीचा आहे. रेडिओ-नियंत्रित खेळगाड्यांमध्ये 'रॉक क्रॉलर' नावाचा एक प्रकार आहे. ही गाडी धावत नाही. माणसाच्या चालीने किंवा त्याहूनही सावकाश खडकांवरून चढते-उतरते. तिची चारही चाके एकाच वेळी जोर लावतात, स्प्रिंगा इतक्या सैल असतात की एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वीतभर उंच दगडावर असले तरी गाडी तोल सांभाळते. बाजारात अशा गाडीसाठी पारदर्शक प्लास्टिकची तयार बॉडी मिळते. तिला रंग आतल्या बाजूने द्यायचा असतो. पण काही छांदिष्टांना ती नको असते. ते पांढऱ्या पॉलिस्टायरिनचे एक-दोन मिलिमीटर जाडीचे कोरे पत्रे घेतात आणि त्यांतून एखादे लष्करी वाहन मुळापासून घडवतात. यालाच स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात. पत्रा आरपार कापायचा नसतो. सुरीने रेघ ओढून वाकवला की तो त्या रेघेवर सरळ तुटतो. जोडायला डिंकासारखा चिकट पदार्थ लागत नाही. कुंचल्याने सांध्यावर द्रावक सोडायचे, ते दोन्ही कडा विरघळवते आणि उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. रिव्हेटांसाठी पत्र्यातून टिकल्या पाडून एकेक चिकटवायची. एका बाजूला शे-दोनशे टिकल्या सहज लागतात.

इतके कष्ट कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. खडकावर पहिल्याच दिवशी या बॉडीला ओरखडे पडणार असतात.

मराठीत 'छंद' या एकाच शब्दात नाद आणि वृत्त हे दोन्ही अर्थ आहेत, हा माझ्या मते केवळ योगायोग नव्हे. दोन्हींत स्वतःहून पत्करलेला नियम असतो. इंग्रजीत 'हॉबी'चा उगम लाकडी खेळघोड्यापर्यंत, 'हॉबी-हॉर्स'पर्यंत जातो आणि या घोड्यावर बसलेली इंग्रजी साहित्यातील सर्वांत लोभसवाणी व्यक्तिरेखा लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' या कादंबरीत भेटते. ही कादंबरी १७५९ ते १७६७ या काळात नऊ खंडांत प्रसिद्ध झाली. तीतील टोबीकाका १६९५ च्या नामूरच्या वेढ्यात जांघेत जखमी होऊन परतले आहेत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला जखम कशी झाली ते सांगावे लागते. पण खंदक, बुरूज, तटाचे कोन यांच्या शब्दजंजाळात ते इतके अडकतात की सांगणेच अशक्य होते. मग ते नामूरचा नकाशा मागवतात. नकाशानेही भागत नाही, तेव्हा त्यांचा इमानी सेवक कॉर्पोरल ट्रिम सुचवतो की गावाकडच्या हिरवळीवर मातीची खरी तटबंदीच उभारू या. तेथून दोघांचा उद्योग सुरू होतो. मार्लबरोच्या सैन्याने कोणत्या शहराला वेढा घातला हे वर्तमानपत्रात वाचायचे आणि हिरवळीवर तसाच वेढा घालायचा.

साहित्याच्या इतिहासातील हे पहिलेच मोठे स्क्रॅच-बिल्डिंग म्हणायला हरकत नाही. सामग्री घरातलीच. जुन्या लष्करी बुटांचे गळे कापून ट्रिम त्यांच्या उखळी तोफा करतो. छोट्या तोफांना शिसे कमी पडते, तेव्हा तो बाळाच्या खोलीतल्या खिडकीची शिशाची वजनेच काढून वितळवतो. परिणामी ती खिडकी एके दिवशी धाडकन खाली येते आणि कथानायक ट्रिस्ट्रमच्या नको त्या जागी इजा करते. हा प्रसंग आपण हसत हसत शिकवतो आणि पुढे जातो. पण स्टर्नने येथे जे मांडले आहे ते गंभीर आहे. युद्धात झालेली जखम शब्दांत येत नाही म्हणून युद्धाची प्रतिकृती होते, आणि तिच्यासाठी वितळवलेले शिसे घरातल्या लेकराला जखमी करते.

आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांनाही ही घरगुती सामग्री ओळखीची आहे. गोणपाट, दगड, लाल माती, हिरवळीसाठी पेरलेले हळीव. मात्र या किल्ल्यांत प्रमाणाचा नियम आदराने ठरतो. सिंहासनावरचे महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि मावळे त्यांच्या गुडघ्याएवढे. कोणालाही त्यात विसंगती दिसत नाही.

क्रॉलरवर बॉडी बांधणाऱ्याला ही मुभा नसते. उदाहरणादाखल दुसऱ्या महायुद्धातील जीप घेऊ. सपाट पत्रे, मोजके वाक आणि छप्पर नसलेली ही गाडी नवख्यांना सोपी वाटते. खऱ्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. एक-दशांश प्रमाणाने ते २०३ मिलिमीटर भरते. पण बाजारातील एका लोकप्रिय क्रॉलर-चॅसीचे हेच अंतर ३१३ मिलिमीटर आहे. म्हणजे चॅसी कापावी लागेल किंवा प्रमाण बदलावे लागेल. २०३२ ला ३१३ ने भागले की सुमारे साडेसहा येतात. तेव्हा बॉडी एक-साडेसहा प्रमाणात बांधायची. त्या हिशेबाने ६२ इंच रुंदीची जीप २४ सेंटिमीटरची होते. शिवाय वजन वर गेले की उतारावर गाडी उलटते, म्हणून वरचे भाग पातळ आणि भार चाकांजवळ. चाक वर उचलले गेले की चिखलरोध्याला घासते, म्हणून तेथे पत्रा थोडा जास्त कापायचा आणि तो कापलेला दिसू द्यायचा नाही. बॉडी इतिहासाशी प्रामाणिक हवी आणि चॅसीशीही. भाषांतरकाराला ही कुतरओढ समजावून सांगायला नको.

यापुढची अडचण पाठचिकित्सेची आहे. 'जीप' नावाची एकच एक संहिता अस्तित्वात नाही. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ उत्पादकांकडे हलक्या टेहळणी-गाडीची मागणी पाठवली. पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा होता. गंभीरपणे पुढे आल्या त्या बँटम आणि विलीज या दोनच कंपन्या, आणि मुदत पाळायची तयारी फक्त बँटमने दाखवली. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या या डबघाईला आलेल्या कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने दोन-तीन दिवसांत आराखडे काढले. आस, गिअर, इंजिन असे बाजारात मिळेल ते घेतले गेले आणि त्यावर हाताने ठोकलेल्या पत्र्याची बॉडी चढली. २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास असताना, ही गाडी मेरीलँडमधील कँप होलाबर्डच्या फाटकात शिरली. म्हणजे मूळ जीप हीच एका अर्थाने स्क्रॅच-बिल्ड होती.

पुढची हकिकत कर्तृत्वाच्या इतिहासात नवी नाही. बँटमचा कारखाना लहान म्हणून सैन्याने तो आराखडा विलीज आणि फोर्ड यांनाही पाहू दिला. विलीजचे इंजिन सरस ठरले, फोर्डची साच्यातून काढलेली पुढची जाळी स्वस्त ठरली आणि या दोघांनी मिळून युद्धकाळात सुमारे साडेसहा लाख गाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारांहूनही कमी गाड्या आल्या. नंतर ती कंपनी जीपमागे ओढायच्या गाड्या बनवत राहिली. त्यामुळे आज जीप घडवू पाहणाऱ्याला आधी ठरवावे लागते की आपण कोणती प्रत प्रमाण मानतो. सुरुवातीच्या विलीज गाड्यांची जाळी पट्ट्या जोडून केलेली आहे; नंतरची साच्यातली, नऊ खाचांची. युद्धानंतरच्या नागरी जीपला खाचा सात. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या माथ्यावरही 'एफ' हे अक्षर उमटवले होते. १९४३ च्या लष्करी जीपला कोणी सात खाचा पाडल्या तर तो शुद्ध प्रक्षेप होय. आणि मराठी माणसाच्या हातून तो होण्याचा संभव अधिक. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत माझगावला महिंद्रने विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या. निवडणुकीच्या प्रचारात, वनखात्यात, गावोगावच्या वडापमध्ये आपण जी पाहत आलो ती या नागरी शाखेची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हाही अडचण हीच असावी; रूढ पाठ कानात इतका बसलेला असतो की जुना पाठच चुकीचा वाटू लागतो.

पण अमेरिकी सैन्याला १९४० च्या उन्हाळ्यात एवढी घाई का झाली? कारण युरोपात जर्मन रणगाडे. आणि ते रणगाडे जेथून आले त्या वाटेवर पुन्हा पत्र्याच्या आणि कापडाच्याच बॉड्या उभ्या आहेत.

१९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे आणि चिलखती गाड्या बनवण्यास व आयात करण्यास बंदी केली. सैन्य एक लाखावर आणले. या सैन्याने मग खोटे रणगाडे केले. आधी लाकडी चौकटीवर ताणलेले कापड, आत शिरून माणसांनी ढकलायचे. नंतर हानोमाग, आडलर, ओपेल असल्या साध्या मोटारींवर पत्र्याच्या आणि पुठ्ठ्याच्या बॉड्या चढवल्या गेल्या. १९२० च्या दशकातील या सरावांची छायाचित्रे आज पाहिली तर हसू येते. एका बुटक्या मोटारीवर डब्यासारखा बुरूज, त्यातून डोकावणारी लाकडी नळी आणि खाली मोटारीची बारीक चाके. हाइन्झ गुडेरियन या सेनाधिकाऱ्याने युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींत एक तपशील दिला आहे. शाळकरी मुले या रणगाड्यांच्या कापडात पेन्सिली खुपसून आत काय आहे ते पाहत असत. १९३२ च्या सरावात खऱ्या पोलादाच्या टेहळणी-गाड्या आल्या तेव्हा त्यांच्या पेन्सिली आत जाईनात.

याच आठवणींत गुडेरियनने जे नोंदवले आहे ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९२९ च्या सुमारास त्याचा ठाम ग्रह झाला की रणगाडे पायदळाच्या चालीला जुंपून उपयोग नाही. रणगाड्यांना केंद्रस्थानी ठेवून इतर सर्व दलांनी त्यांच्या वेगाने चालले पाहिजे. हा निष्कर्ष कशावरून? युद्धेतिहासाचे वाचन, इंग्रजांचे सराव आणि स्वतःच्या खोट्या रणगाड्यांचा अनुभव यांवरून. खरा रणगाडा चालवायची पहिली संधी त्याला त्याच वर्षी स्वीडनमध्ये मिळाली. म्हणजे ज्या युद्धतंत्राने १३ मे १९४० रोजी सेदानजवळ म्यूज नदी ओलांडून फ्रान्स मोडला, त्याचा एक मोठा भाग कापडी बॉड्यांच्या आधाराने रचला गेला होता. जीपची मागणी त्यानंतर दोन महिन्यांच्या आत निघाली.

प्रतिकृतीला आपण सहसा दुय्यम मानतो. प्लेटोपासूनची ती सवय आहे. मूळ वस्तू आधी, अनुकृती नंतर आणि तिच्याहून उणी. पण येथे अनुकृती आधी आली आणि तिने मूळ वस्तूला काय करायचे ते शिकवले. पोलादाचा रणगाडा हातात असता तर त्या अधिकाऱ्यांनी कदाचित त्याच्या इंजिनाच्या आणि पट्ट्यांच्या तक्रारींतच दिवस घालवले असते. कापडाच्या रणगाड्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. त्यामुळे उरला तो केवळ हालचालींचा विचार. 'नुसते खेळणे' हा शब्दप्रयोग आपण किती बेफिकिरीने करतो, हे यावरून दिसावे.

दहा-बारा वर्षांनी इजिप्तच्या वाळवंटात हाच उद्योग उलट दिशेने झाला. ऑक्टोबर १९४२ मधील एल अलामीनच्या लढाईपूर्वी ब्रिटिशांच्या आठव्या सेनेला उत्तरेकडून हल्ला करायचा होता आणि तो दक्षिणेकडून होणार असे शत्रूला भासवायचे होते. वाळवंट सपाट, लपायला झाड नाही. कामगिरी सोपवली गेली ती चित्रपट-दिग्दर्शक जेफ्री बारकस यांच्या हाताखालील मायावरण-विभागावर. त्यांचे सहकारीही असेच: टोनी एर्टन हे चित्रकार, ब्रायन रॉब हे 'पंच' साप्ताहिकातील चित्रे काढणारे. प्राण्यांच्या रंगांवर १९४० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केलेले ह्यू कॉट हे प्राणिशास्त्रज्ञ याच विभागाच्या प्रशिक्षणाचे काम पाहत होते. कला शाखेच्या पदवीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या पालकांना ही यादी दाखवावी.

त्यांनी रणगाड्यांसाठी नळ्यांच्या चौकटीवर कापड ताणून मालट्रकच्या आकाराची आवरणे तयार केली. मूळ कल्पना जनरल वेव्हेल यांनी एका चिटोऱ्यावर रेखाटली होती. दोन भागांचे हे आवरण रणगाड्यावर बसवले की वरून पाहणाऱ्या वैमानिकाला मालट्रक दिसे. अशी ७२२ आवरणे वापरली गेली. आधी काही आठवडे उत्तरेकडे रिकामी आवरणे आणि ट्रक उभे करून शत्रूच्या विमानांची नजर त्यांना सरावू दिली. मग हल्ल्यापूर्वीच्या रात्रींत खरे रणगाडे येऊन आवरणांखाली शिरले आणि त्यांनी सोडलेल्या जागी खोटे रणगाडे बसवले गेले. दक्षिणेकडे चेपलेल्या पेट्रोलच्या डब्यांची एक खोटी जलवाहिनीही 'बांधली' जात होती, मुद्दाम सावकाश, म्हणजे ती पुरी होईपर्यंत हल्ला होणार नाही असे वाटावे. एकीकडे रणगाडा ट्रकचे सोंग घेतो, दुसरीकडे चौकटी-कापड रणगाड्याचे.

२३ ऑक्टोबरच्या रात्री तोफा सुरू झाल्या तेव्हा रोमेल आजारपणाच्या रजेवर जर्मनीत होता. नोव्हेंबरात चर्चिल यांनी संसदेत या मायावरणाचा गौरवाने उल्लेख केला. हे खरेच, पण त्या बारा दिवसांत आठव्या सेनेचे तेरा हजारांवर लोक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, हेही खरे आहे. रुवैसातच्या टेकाडावर चौथी भारतीय डिव्हिजन होती. कापडाने शत्रूचे डोळे झाकता आले. सुरुंगांच्या पट्ट्यांतून मात्र माणसांनाच चालत जावे लागले.

क्रॉलरच्या छंदाचे खरे मूळ मात्र वाळवंटापासून दूर, जपानमधील शिझुओका शहरात आहे. लाकूडकामासाठी प्रसिद्ध असलेले हे शहर जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाले. पुढच्याच वर्षी तामिया योशिओ यांनी तेथे लाकडाचा व्यवसाय सुरू केला, त्याला जोड म्हणून लाकडी नौकांच्या प्रतिकृती बनवल्या. १९५१ च्या आगीत लाकूड गेले आणि काही काळाने प्रतिकृती हाच मुख्य धंदा झाला. मे १९४७ पासून अमलात आलेल्या संविधानाच्या नवव्या कलमाने जपानने युद्धाचा हक्क सोडला होता. पुढे दशकभरात स्वसंरक्षण दल उभे राहिले, हा वेगळा भाग. युद्ध सोडलेल्या या देशात १९६१ मध्ये तामियाने जर्मन 'पँथर' रणगाड्याची विजेरीवर चालणारी प्लास्टिकची प्रतिकृती काढली आणि ती प्रचंड खपली. तिचे प्रमाण एक-पस्तिसांश. जगभरातील लष्करी प्रतिकृतींचे हे प्रमाण पुढे जवळजवळ वृत्तासारखे रूढ झाले. पण त्यामागे कोणताही ऐतिहासिक वा गणिती विचार नव्हता. पोटात दोन विजेऱ्या मावाव्यात एवढा आकार घेतला होता, नंतर मोजले तर ते मूळच्या एक-पस्तिसांश भरले! संस्थापकांचे चिरंजीव शुन्साकू यांनी हे स्वतःच सांगितले आहे. दिवाळीच्या किल्ल्यात माप आदर ठरवतो, येथे ते विजेरीने ठरवले. पुढे १९७६ मध्ये याच कंपनीची रेडिओ-नियंत्रित पोर्शे आली आणि १९८१ मध्ये पोलादी चॅसी, पानपट्ट्यांच्या स्प्रिंगा व तीन गिअर असलेली टोयोटा हायलक्स. आजच्या क्रॉलरची ती आजीच म्हणायला हवी.

तामियाच्या खोक्यांवरची चित्रे पाहण्यासारखी आहेत. सुरुवातीच्या पँथरवर कोमात्सुझाकी शिगेरु या चित्रकाराने रंगवलेले रणांगण आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मात्र पार्श्वभूमी पांढरीशुभ्र होते. रणगाडा तेवढा उरतो. रणांगण नाही, शत्रू नाही, हवामानही नाही. विक्रीच्या दृष्टीने ते डोळ्यांत भरणारे होते यात शंका नाही. जळालेल्या शहराने युद्धयंत्रे घडवताना त्यांच्याभोवतीचे युद्ध पुसून टाकले, असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणायला पुरावा नाही. पण खोके समोर ठेवले की तो मोह टळत नाही, एवढे खरे.

आता पुन्हा एक-साडेसहा प्रमाणाच्या जीपकडे वळू. बॉडी झाली, नऊ खाचांची जाळी झाली, काच पुढे पाडता येते, बॉनेटवर पांढरा तारा आहे. छप्पर नसल्यामुळे आत सगळे दिसते आणि म्हणून चालक हवा. या मापाला जवळपास जुळणारे बाहुले मिळते. अमेरिकेत १९६४ मध्ये 'जी. आय. जो' आला तेव्हापासून बारा इंची, म्हणजे एक-षष्ठांश प्रमाणाचे सैनिक मुबलक आहेत. अडचण अशी की आसनाखालची जागा आधीच गेलेली असते. तेथे विजेरी, मोटर, सुकाणू फिरवणारे यंत्र आणि रेडिओचा ग्राहक यांची दाटी असते. पायांना जागाच नाही. यावर या छंदात एक सरसकट रूढ उपाय आहे. बाहुल्याला बारीक दातांच्या करवतीने कमरेवर कापतात आणि वरचा अर्धा आसनावर चिकटवतात. बाहेरून काही कळत नाही. दोन्ही हात चक्रावर नीट बसतात, शिरस्त्राणाचा पट्टाही बांधता येतो.

टोबीकाकांच्या कथेत विधवा वॉडमनबाईंना लग्नापूर्वी एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, की त्यांना जखम नेमकी कोठे झाली. काका लाजत नाहीत. तुम्हाला त्या जागेवर बोटच ठेवू देतो, म्हणतात आणि नामूरचा नकाशा आणायला माणूस पाठवतात.